आयईएलटीएसच्या लेखन विभागाची तयारी घरी कशी करावी?

खाडीपलीकडे

सर्वांना नमस्कार. मी ऐरोलीत राहतो आणि इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. पुढच्या वर्षी आयर्लंडमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी जाण्याचा विचार असल्यामुळे आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेचा ॲकॅडेमिक प्रकार दिला. लिसनिंगमध्ये ८, रीडिंगमध्ये ७.५, स्पीकिंगमध्ये ७ आणि रायटिंगमध्ये ६ असे बँड, म्हणजे गुण, मिळाले. सरासरी ७.१२५ येते आणि ती ७ धरली जाते, त्यामुळे एकूण निकाल चांगला दिसतो. पण मला हव्या असलेल्या अभ्यासक्रमासाठी प्रत्येक विभागात किमान ६.५ लागतात आणि अर्ज तिथेच अडतो.

माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले. कामाच्या निमित्ताने रोज इंग्रजीत ईमेल लिहितो, तांत्रिक टिपणेही लिहितो, त्यामुळे नेमके लेखनच मागे का राहिले हे मला उमगलेले नाही. ठाणे स्टेशनच्या परिसरात आणि वाशीत चौकशी केली, तेव्हा बऱ्याच क्लासमध्ये निबंधांचे तयार साचे पाठ करून घेतात असे दिसले. नोकरी सांभाळून, क्लास न लावता लेखनाचा सराव कसा करावा आणि लिहिलेले तपासून कोणाकडून घ्यावे? ज्यांनी ही परीक्षा दिली आहे किंवा जे ती शिकवतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तलावपाळी

मी ठाण्यात बरीच वर्षे इंग्रजी शिकवले आहे आणि या परीक्षेला बसणारे अनेक विद्यार्थी पाहिले आहेत. सरावाकडे वळण्यापूर्वी परीक्षक काय तपासतात ते समजून घ्या. लेखनाचे गुण चार निकषांवर दिले जातात: विचारलेल्या प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणी आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, आणि व्याकरणाची विविधता व अचूकता. चारही निकषांचे वजन सारखे, म्हणजे प्रत्येकी २५ टक्के असते. ज्याचे रीडिंग ७.५ आहे त्याचे शब्द आणि व्याकरण फार कच्चे असण्याची शक्यता कमी असते. अशा विद्यार्थ्यांचे गुण बहुधा पहिल्या दोन निकषांत जातात, आणि ते मात्र शब्दांच्या याद्या पाठ करत बसतात.

प्रत्येक बँडला काय अपेक्षित आहे याचे वर्णन परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले आहे. त्यातील ६ आणि ७ हे दोनच रकाने शेजारी ठेवून शांतपणे वाचा. दोन्हींतला फरक साधारण असा आहे की ६ मिळवणारा विद्यार्थी प्रश्नाला धरून मुद्दे मांडतो, पण त्यांतले काही मुद्दे पुरेसे उलगडत नाहीत आणि 'तसेच', 'शिवाय', 'म्हणून' अशी जोडणारी पदे तो यांत्रिकपणे पेरतो. ७ मिळवणाऱ्याची भूमिका पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्पष्ट राहते, प्रत्येक परिच्छेदाला एक मध्यवर्ती विषय असतो आणि मुद्द्याला आधार दिलेला असतो.

तुमच्या ईमेलविषयी एक सांगतो. कार्यालयातील ईमेल वाचणाऱ्याला पार्श्वभूमी आधीच ठाऊक असते, म्हणून दोन ओळींत काम होते आणि ते योग्यच आहे. निबंध वाचणाऱ्या परीक्षकाला तुमच्या मनातले काहीही ठाऊक नसते. कामाच्या लेखनातून लागलेली थोडक्यात सांगण्याची सवय इथे मुद्दा अर्धवट सोडायला लावते, असा माझा अनेक नोकरदार विद्यार्थ्यांबाबतचा अनुभव आहे.

सानपाडा

साच्यांविषयी थोडे वेगळे मत मांडतो. माझ्या क्लासमध्ये दिलेल्या साच्यामुळे माझा वेग वाढला. एकूण ६० मिनिटांत दोन उत्तरे लिहायची असतात, पहिले किमान १५० शब्दांचे आणि दुसरे किमान २५० शब्दांचे. सुरुवात कशी करावी याचा विचार करण्यातच दहा मिनिटे गेली तर पुढे काहीच हाती राहत नाही. प्रस्तावना, दोन परिच्छेद आणि समारोप हा आराखडा हाताला बसलेला असला की मन प्रश्नाकडे लागते. मला लेखनात ६.५ मिळाले. सगळ्याच क्लासना एका मापाने मोजू नये.

निळी शाई

@सानपाडा, आराखडा आणि पाठ केलेली वाक्ये या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुम्ही वर्णन केलेली गोष्ट पहिल्या प्रकारातली आहे. प्रस्तावनेत भूमिका सांगावी, एका परिच्छेदात एकच मुद्दा घ्यावा, ही शिस्त प्रत्येकाने लावून घ्यावी. माझा आक्षेप आहे तो 'आजच्या वेगवान जगात हा विषय अतिशय चर्चेचा बनला आहे' अशा वाक्यांना, कारण ती कोणत्याही प्रश्नाला चिकटवता येतात आणि म्हणूनच कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. २५० शब्दांच्या निबंधातील साठ-सत्तर शब्द अशा वाक्यांत गेले, तर मुद्दा उलगडायला जागाच उरत नाही. शिवाय परीक्षक हेच काम रोज करतात. सफाईदार पाठ केलेल्या वाक्याच्या मागोमाग विद्यार्थ्याचे स्वतःचे अडखळते वाक्य आले की फरक लगेच डोळ्यांत भरतो.

@खाडीपलीकडे, तुमच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की कमी प्रश्न घ्या आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा लिहा. सर्वसाधारणपणे विद्यार्थी रोज नवा निबंध लिहितात, तो तपासून घेतात, लाल खुणा पाहून मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विषयावर त्याच पद्धतीने लिहितात. त्याऐवजी पहिला निबंध वेळ लावून लिहा, दोन दिवस बाजूला ठेवा आणि मग वेळेचे बंधन न ठेवता तोच निबंध नव्याने लिहा. दुसऱ्या लेखनात प्रत्येक परिच्छेदाला विचारा: यातला मुद्दा कोणता, तो खरा का आहे आणि तो वाचणाऱ्याला कशावरून पटावा? आठवड्याभराने तोच निबंध तिसऱ्यांदा, या वेळी ४० मिनिटांत लिहा. पहिले आणि तिसरे लेखन शेजारी ठेवले की आपण कुठे सुधारतो आहोत आणि कुठे अडकलो आहोत, हे बाहेरच्या कोणी न सांगताही बरेचसे कळते.

गणिती

सगळी चर्चा निबंधावर चालली आहे, म्हणून टास्क वनबद्दल, म्हणजे लेखनातल्या पहिल्या उत्तराबद्दल लिहितो. टास्क टूचे, म्हणजे निबंधाचे, वजन टास्क वनच्या दुप्पट असते हे खरे, पण टास्क वन ठरावीक पद्धतीने करता येते, त्यामुळे तिथली सुधारणा लवकर दिसते. ॲकॅडेमिक परीक्षेत रेषालेख, स्तंभालेख, वृत्तालेख, तक्ता, प्रक्रियेची आकृती किंवा नकाशा यांपैकी काहीतरी येते आणि २० मिनिटांत त्याचे वर्णन करायचे असते.

आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. २००१ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १२.६ लाख होती आणि २०११ मध्ये ती १८ लाखांच्या पुढे गेली. त्याच काळात नवी मुंबईची लोकसंख्या सुमारे ७ लाखांवरून ११ लाखांच्या वर गेली. हे चार आकडे तक्त्यात दिले आहेत असे समजा. बहुतेक जण चारही आकडे एकामागून एक लिहितात आणि काम झाले असे समजतात, पण परीक्षकाला त्याहून अधिक हवे असते. आधी एकंदर चित्र सांगणारी दोन वाक्ये लागतात: दोन्ही शहरे वाढली आणि दोन्ही वर्षी ठाणे मोठे राहिले, मात्र वाढीचा वेग नवी मुंबईचा अधिक होता. त्यानंतर तुलना करावी. ठाण्यात साडेपाच लाखांहून अधिक माणसे वाढली, नवी मुंबईत चार लाखांच्या आसपास. परंतु मूळ संख्येच्या प्रमाणात पाहिले तर नवी मुंबईची वाढ पन्नास टक्क्यांच्या पुढे जाते आणि ठाण्याची त्याच्या आत राहते. ही शेवटची गोष्ट तक्त्यात कुठेही लिहिलेली नसते, ती आकडे पाहून आपण काढायची असते. एकंदर चित्राची ती दोन वाक्ये नसतील, तर बाकीचे वर्णन कितीही बिनचूक असले तरी पहिल्या निकषावर गुण अडतात.

वर्तकनगर

@गणिती, नवी मुंबई वेगाने का वाढली याचे कारण लिहावे का? १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, तेव्हापासून ते शहर आखून वसवले गेले हे आपल्याला माहीत असते. ते लिहिल्याने ज्ञान दिसेल असे वाटते.

गणिती

लिहू नये. टास्क वनमध्ये समोरच्या आकृतीत जे दिसते तेवढेच सांगायचे असते. कारणमीमांसा, मत आणि भविष्याविषयीचा अंदाज यांना तिथे जागा नाही, कारण तक्ता त्याविषयी काही बोलत नाही. सिडकोबद्दलची माहिती टास्क टूमध्ये शहरनियोजनावर प्रश्न आला तर उदाहरण म्हणून उत्तम उपयोगी पडेल.

नेरूळ पूर्व

मी परिचारिका आहे आणि ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी तयारी करते आहे. विषय थोडा बाजूचा असला तरी लिहिते, कारण आमच्या रुग्णालयातील अनेक मुली आयईएलटीएसच्या लेखनात अडकून राहतात आणि दुसरा मार्ग त्यांना ठाऊक नसतो. ओईटी ही आरोग्यसेवेतील व्यावसायिकांसाठी असलेली इंग्रजीची परीक्षा आहे. तिच्यात निबंध नसतो. रुग्णाच्या नोंदी दिल्या जातात, पहिली पाच मिनिटे फक्त त्या वाचायच्या आणि पुढच्या चाळीस मिनिटांत साधारण १८० ते २०० शब्दांचे पत्र लिहायचे, उदाहरणार्थ रुग्णाला घरी सोडताना पुढची काळजी घेणाऱ्या परिचारिकेला. ब्रिटनची परिचर्या परिषद लेखनाच्या बाबतीत थोडी सवलतही देते: आयईएलटीएसमध्ये इतर तीन विभागांत ७ लागतात तिथे लेखनात ६.५ चालतात आणि ओईटीमध्ये इतर विभागांत बी श्रेणी लागते तिथे लेखनात सी प्लस चालते.

या तयारीतून मला जे मिळाले ते निबंध लिहिणाऱ्यांनाही उपयोगी पडेल. नोंदींमध्ये रुग्णाविषयी बरेच काही दिलेले असते, पण पत्र ज्याला जायचे आहे त्याला त्यातले काय लागेल ते निवडावे लागते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी जाणाऱ्या आजींच्या पत्रात त्यांचे रक्त पातळ करणारे औषध आणि घरी जिना आहे का हे आलेच पाहिजे. लहानपणी झालेल्या कांजिण्या येऊ नयेत. काय गाळले यावरही तिथे गुण मिळतात. आणि पत्र कशासाठी लिहिले आहे ते पहिल्या परिच्छेदातच कळले पाहिजे, नाहीतर उद्देशाच्या निकषावर गुण जातात.

पारसिक

@नेरूळ पूर्व, ही माहिती माझ्या बहिणीला आजच पाठवतो. ती कळव्याला परिचारिका आहे आणि तिने ओईटीचे नाव ऐकले होते, पण पत्राचा प्रकार तिला ठाऊक नव्हता.

मूळ विषयावर माझा अनुभव सांगतो. मीही मराठी माध्यमाचा. टास्क टूसाठी मी मुद्दे मराठीत काढत असे. प्रश्न वाचला की कच्च्या कागदावर माझी भूमिका आणि दोन कारणे मराठीत लिहायचो, मगच इंग्रजीकडे वळायचो. इंग्रजीत विचार करताना जे शब्द येत होते तेवढाच विचार होत होता; मराठीत माझे खरे म्हणणे बाहेर आले. मला लेखनात ७ मिळाले आणि त्याचे श्रेय मी या पद्धतीला देतो.

निळी शाई

@पारसिक, सरावाच्या पहिल्या टप्प्यात मी हे मान्य करेन, परीक्षेच्या दिवशी मात्र नाही. मराठीत पूर्ण वाक्य तयार झाले की ते वाक्य त्याच क्रमाने इंग्रजीत उतरवण्याचा मोह होतो. मराठी वाक्यात आपण एका कर्त्याच्या मागे 'जाऊन', 'पाहून', 'ठरवून' अशी क्रियापदांची साखळी सहज लावतो आणि वाक्य पाच ओळींचे झाले तरी अर्थ सुटत नाही. तेच इंग्रजीत नेले की कोणते क्रियापद कोणाचे हे वाचणाऱ्याला कळेनासे होते.

पारसिक

वाक्ये नव्हे, मी फक्त मुद्दे मराठीत लिहीत असे, तीन-तीन शब्दांत. 'लोकलची क्षमता मोठी', 'नवा रस्ता लवकर भरतो', एवढेच. त्यातून इंग्रजी वाक्य करताना उचलायला मराठी वाक्यच नसते. माझ्या मते मराठी माध्यमातल्या मुलांना विचार इंग्रजीतच करा असे सांगण्याने त्यांचा आत्मविश्वास विनाकारण खचतो, म्हणून हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

निळी शाई

तीन शब्दांच्या टिपणाला माझा विरोध नाही. तुम्ही केलेला खुलासा उपयोगी आहे.

तलावपाळी

व्याकरणाविषयी लिहितो, कारण मराठी भाषकांच्या चुका ठरावीक ठिकाणी होतात आणि म्हणून त्या शोधता येतात. पहिली जागा 'अ', 'ॲन' आणि 'द' यांची. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे ती गाळली तरी आपल्या कानाला काही खटकत नाही. दुसरी जागा आकड्यांसोबतच्या शब्दयोगींची: संख्या पाच लाखांनी वाढली की पाच लाखांपर्यंत वाढली, यांतला भेद आपण मराठीत कधी चुकत नाही, पण इंग्रजीत 'बाय' आणि 'टू' यांची अदलाबदल झाली की टास्क वनमधली माहितीच चुकीची ठरते. तिसरी, 'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट', 'ॲडव्हाइस' यांसारख्या शब्दांना लावलेले अनेकवचन. चौथी, दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे. ही चूक चांगल्या लेखकांकडूनही होते. आणि जुन्या वर्षांच्या आकड्यांचे वर्णन करताना मध्येच वर्तमानकाळात शिरणे, ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली.

शेवटची पाच मिनिटे तपासणीसाठी राखून ठेवा आणि त्या वेळात सगळे एकत्र तपासू नका. एकदा फक्त नामांवर नजर फिरवा: उपपद आहे का, वचन बरोबर आहे का. दुसऱ्यांदा फक्त क्रियापदांवर: काळ आणि कर्त्याशी मेळ. सरावाच्या काळात स्वतःच्या चुकांची एक वही ठेवा आणि नवीन निबंधाआधी तिची शेवटची दोन पाने वाचा. चार-सहा प्रकारच्या चुकाच पुन्हा पुन्हा होत असतात हे त्या वहीतून दिसते आणि मनावरचे दडपण पुष्कळ कमी होते.

घोडबंदर

मी कॅनडासाठी आयईएलटीएसचा दुसरा प्रकार, म्हणजे जनरल ट्रेनिंगची परीक्षा देते आहे. आमच्या टास्क वनमध्ये आलेख नसतो, पत्र असते, आणि प्रश्नात तीन गोष्टी दिलेल्या असतात ज्या पत्रात आल्याच पाहिजेत. मैत्रिणीला लिहायचे पत्र आणि घरमालकाला किंवा वरिष्ठांना लिहायचे पत्र यांचा सूर वेगळा असावा लागतो. कॅनडाच्या स्थलांतराच्या नोंदणीत भाषेची नववी पातळी गाठायची तर लिसनिंगमध्ये ८ आणि इतर तिन्ही विभागांत ७ लागतात, त्यामुळे लेखनातला अर्धा बँडही माझ्यासाठी फार मोठा आहे. तीन मुद्द्यांपैकी एकावर सविस्तर लिहिले आणि बाकी दोन एकेका ओळीत उरकले तर चालते का?

तलावपाळी

@घोडबंदर, तिन्ही मुद्दे येणे आवश्यक आहे आणि ७ हवे असतील तर तिन्ही पुरेसे फुलवलेले असावेत. समान लांबीचे असण्याची गरज नाही. प्रत्येक मुद्द्याला किमान दोन वाक्ये द्यावीत आणि त्यांतल्या एकात तपशील असावा, म्हणजे 'नळ गळतो आहे' एवढ्यावर न थांबता कोणता नळ, केव्हापासून आणि त्यामुळे काय अडचण होते तेही सांगावे. सूर पहिल्या ओळीत ठरला की शेवटच्या ओळीपर्यंत तोच ठेवा.

खाडीपलीकडे

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले आणि दोन्ही बँडची वर्णने शेजारी ठेवून पाहिली. सरावासाठी एक प्रश्न घेतला: नवे रस्ते बांधण्यापेक्षा शहरांनी सार्वजनिक वाहतुकीवर अधिक खर्च करावा, या मताशी तुम्ही कितपत सहमत आहात? माझा आराखडा इथे मराठीत देतो. भूमिका: पूर्ण सहमत. पहिला परिच्छेद: वाहतूक कोंडी कमी होते, प्रदूषण कमी होते, लोकांचा पैसा वाचतो, वेळ वाचतो. दुसरा परिच्छेद: रस्त्यांवर खर्च जास्त होतो, अपघात वाढतात, झाडे तोडावी लागतात. समारोपात भूमिका पुन्हा सांगितली आहे. कृपया परखड मत द्यावे.

निळी शाई

पहिल्या परिच्छेदात चार मुद्दे आहेत आणि एकालाही आधार नाही. तीन मुद्दे काढून टाका. उरलेल्या एकाचा पाठपुरावा करा, उदाहरणार्थ कोंडी कमी होते हाच घ्या. का कमी होते? बारा डब्यांची एक लोकल हजारो माणसे एका फेरीत नेते, तेवढीच माणसे गाड्यांनी निघाली तर रस्ता व्यापून जाईल. मग रस्ता रुंद केल्याने का सुटत नाही? कारण रुंद रस्ता पाहून आणखी लोक गाड्या बाहेर काढतात आणि तो पुन्हा भरतो. उदाहरण तुमच्या दारातच आहे: २००४ मध्ये ठाणे ते वाशी प्रवासी लोकल सुरू होण्यापूर्वी रेल्वेने जायचे तर कुर्ल्याला गाडी बदलून वळसा घालावा लागत असे; ती सुरू झाल्यावर ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या नोकरदारांना थेट पर्याय मिळाला. एवढ्यावर शंभर शब्दांचा परिच्छेद सहज होतो आणि वाचणाऱ्याला तुम्ही काय म्हणता ते दिसते.

गणिती

'कितपत सहमत' असे विचारले आहे, तेव्हा 'पूर्ण सहमत' म्हणणेही चालते, पण दुसरा परिच्छेद मर्यादा सांगायला वापरला तर उत्तर अधिक विचारपूर्वक होईल. जेएनपीटी बंदराकडून गुजरातच्या दिशेने जाणारे कंटेनर घोडबंदर रस्त्यावरून जातात, रुग्णवाहिकेलाही रस्ताच लागतो. म्हणजे माणसांच्या रोजच्या प्रवासासाठी सार्वजनिक वाहतूक आधी, पण मालवाहतूक आणि तातडीच्या सेवांसाठी रस्ते हवेतच, अशी भूमिका घेता येते. मात्र ती प्रस्तावनेतच सांगा. समारोपात पहिल्यांदा आली तर परीक्षकाला भूमिका बदलल्यासारखी वाटेल.

सानपाडा

परीक्षेत ठाण्याचे उदाहरण परदेशी परीक्षकाला कसे कळणार, अशी शंका माझ्या मनात येते. जागतिक उदाहरणे द्यावीत असे आम्हाला सांगितले होते.

तलावपाळी

@सानपाडा, गावाचे नाव परीक्षकाला ठाऊक असण्याची गरज नाही. 'मी राहतो त्या मुंबईजवळच्या शहरात' असे अर्ध्या वाक्यात सांगितले की पुरे. जे स्वतः पाहिले आहे त्याविषयी माणूस नेमके लिहितो, आणि ऐकीव जागतिक उदाहरणांत नेमकेपणा हरवतो. एखाद्या परदेशी विद्यापीठाचे संशोधन आणि त्यातली टक्केवारी मनाने रचून लिहिण्याची सवयही काही ठिकाणी लावली जाते. ती मला शिक्षक म्हणून अत्यंत अयोग्य वाटते.

वर्तकनगर

तपासून घेण्यासाठी एआयची साधने वापरावीत का? माझा भाचा प्रत्येक निबंध तिथे टाकतो आणि सुधारलेला निबंध वाचतो.

निळी शाई

उपपदे, वचने आणि काळ यांच्या चुका दाखवून घ्यायला वापरावीत. सुधारलेला निबंध मात्र मागू नये, कारण तो वाचून समाधान वाटते आणि हात काहीच शिकत नाही. 'चुका कुठे आहेत ते सांग, दुरुस्त मी करीन' असे सांगून वापरले तर उपयोग होतो. त्या साधनाने सांगितलेल्या बँडवर विसंबू नये. मुद्दा उलगडला आहे का हे तपासायला माणूसच बरा, आणि तो इंग्रजीचा तज्ज्ञ असायलाही हवा असे नाही. तुमचा परिच्छेद वाचून घरातल्या कोणी 'पण असे का?' विचारले, तर तिथे काहीतरी लिहायचे राहिले आहे.

सराव संगणकावर देण्याच्या परीक्षेसाठी असेल तर स्पेलिंग तपासणी बंद करून साध्या नोटपॅडमध्ये लिहा. परीक्षेत शब्दसंख्या पडद्यावर दिसते, पण चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ येत नाही. ब्रिटिश किंवा अमेरिकी कोणतीही स्पेलिंगपद्धती चालते, फक्त एका उत्तरात एकच ठेवा.

पारसिक

घरी शांतता मिळत नसेल तर ग्रंथालयाची मदत घ्यावी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून वाचकांची सेवा करत आहे. मला चार माणसांत बसून वेळ लावून लिहिण्याची सवय परीक्षा केंद्रात फार उपयोगी पडली, कारण तिथे आजूबाजूला सतत कीबोर्डचा आवाज असतो.

नेरूळ पूर्व

@खाडीपलीकडे, तुम्हाला चारही विभाग पुन्हा द्यावेच लागतील असे नाही. संगणकावर परीक्षा दिली असेल तर एकच विभाग पुन्हा देण्याची सोय आहे. मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत ती घ्यावी लागते आणि एका परीक्षेसाठी एकदाच मिळते. नव्या निकालपत्रात इतर तीन विभागांचे जुने गुण तसेच राहतात. पेपर पुन्हा तपासण्याचा पर्यायही आहे. त्यासाठी सहा आठवड्यांच्या आत अर्ज करावा लागतो आणि बँड बदलला तर शुल्क परत मिळते.

खाडीपलीकडे

@नेरूळ पूर्व, परीक्षा संगणकावरच दिली होती आणि मुदत अजून शिल्लक आहे. एका विभागाचा असा निकाल चालतो का, हे विचारणारा ईमेल विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला आज पाठवला. पुनर्तपासणीचा अर्ज करणार नाही, कारण बँडची वर्णने वाचल्यावर माझा निबंध ६ च्याच रकान्यात बसतो हे मला पटले आहे. रस्ते आणि सार्वजनिक वाहतुकीचा निबंध सुचवलेल्या भूमिकेनुसार दुसऱ्यांदा लिहून झाला. पहिला परिच्छेद एकाच मुद्द्यावर आहे आणि त्यात ठाणे-वाशी लोकलचे उदाहरण घेतले आहे. दुसऱ्या परिच्छेदात कंटेनर आणि रुग्णवाहिका या दोन्ही गोष्टी आल्या आहेत, तिथे पुन्हा गर्दी झाली का याची शंका आहे.

निळी शाई

झाली असावी. कंटेनरचा मुद्दा ठेवा आणि रुग्णवाहिका काढा, कारण मालवाहतुकीवर तुमच्याकडे सांगण्यासारखे अधिक आहे. दुसरे लेखन आहे तसेच इथे द्या, इंग्रजीत, काहीही न सुधारता. मी आणि तलावपाळी सर शनिवारपर्यंत दोन्ही परिच्छेद वाचून प्रत्येक वाक्यावर लिहू. तोवर त्या प्रश्नाला हात लावू नका. मधल्या दिवसांत गणिती यांनी दिलेल्या जनगणनेच्या आकड्यांवर टास्क वन लिहा, घड्याळ लावून, २० मिनिटांत.